दुसऱ्या पंगतीला उरेल का?

इथे येणाऱ्या जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या, सराफ्याच्या आठवणी मी आवडीने वाचतो. आज मात्र जरा रुक्ष विषय घेऊन आलोय. पैशाचा आहे, पण घरातलाच आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी इंदूरचा. १९७० साली गुजराती कॉलेजातून बी.कॉम. झालो, एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो आणि २००९ मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर गेली. मुलगी आणि जावई अमेरिकेत ओहायोमध्ये असतात. जावई इंजिनियर. ज्या कारखान्यात ते २२ वर्षं आहेत तिथे पंपांचे सुटे भाग बनतात. माणसं दीडशेच्या आसपास. आणि मालक कोण? तर तीच दीडशे माणसं.

हे मला लग्नानंतर बरीच वर्षं नीट कळलंच नव्हतं. "त्यांच्याकडे ईसॉप आहे" एवढं मुलगी म्हणायची. आपल्याकडेही आता घरोघरी हा शब्द ऐकू येतो. कुणाच्या नातवाला पुण्यात, कुणाच्या भाचीला बंगळुरूत ईसॉप मिळालेला असतो. इन्फोसिसने १९९४ साली कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि पुढे त्यांच्या ड्रायव्हरपर्यंतच्या गोष्टी आपण ऐकल्या. पण आपल्याकडचा ईसॉप आणि तिकडचा ईसॉप, अक्षरं तीच असली तरी वस्तू वेगळी. आपल्याकडे कंपनी तुम्हाला ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क देते. घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवायचं, घ्यायचे तर पैसे तुम्ही भरायचे, आणि बाजारभावातल्या फरकावर पगारासारखा करही भरायचा. तिकडचा ईसॉप ही निवृत्तीची योजना आहे. आपल्या पीएफसारखी, फक्त खात्यात रुपयांऐवजी स्वतःच्याच कंपनीचे शेअर जमा होतात. माणसाने खिशातून काही घालायचं नाही. शेअर एका ट्रस्टच्या नावावर असतात, दर वर्षी पगाराच्या प्रमाणात प्रत्येकाच्या खात्यात पडतात, आणि वर्षातून एकदा बाहेरचा तज्ज्ञ कंपनीची किंमत ठरवतो.

ही कल्पना लुई केल्सो नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वकिलांची. १९५६ साली तिथल्या पेनिन्सुला न्यूजपेपर्स या कंपनीचे मालक म्हातारे झाले होते आणि त्यांना कंपनी विकायची होती. कर्मचाऱ्यांकडे पैसे कुठून असणार? कंपनीच्या पुढच्या नफ्यातूनच ती कर्मचाऱ्यांनी विकत घ्यावी अशी वाट केल्सोंनी काढली. पुढे रसेल लाँग या सिनेटरांनी ती उचलून धरली आणि १९७४ च्या निवृत्तियोजनांच्या कायद्यात तिला जागा मिळाली.

व्यवहार कसा होतो हे जावयांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडून समजावलं. ट्रस्ट बँकेकडून कर्ज काढतो, जुन्या मालकाला पैसे देतो आणि सगळे शेअर ताब्यात घेतो. ते लगेच कामगारांच्या खात्यात जात नाहीत, बाजूला ठेवलेले असतात. कंपनी दर वर्षी ट्रस्टला पैसे देते, ट्रस्ट कर्जाचा हप्ता भरतो, आणि जेवढं कर्ज फिटेल तेवढे शेअर सुटून माणसांच्या खात्यात पडतात.

मी म्हटलं, "अहो, हे तर आमचं की-लोन!" सोयाबीनच्या व्यापाऱ्याचा माल गोदामात, कुलूप बँकेचं, किल्ली आमच्याकडे. व्यापारी जेवढे पैसे भरेल तेवढी पोती सोडायची. जावई हसले, पण त्यांना ते पटलं.

आपण इंदूरकर गिरण्यांच्या भोंग्यावर वाढलेली माणसं. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी. गिरण्या गेल्या, अनंत चतुर्दशीच्या झांक्या मात्र राहिल्या. हुकुमचंद मिल १९९१-९२ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या हक्काचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटले ते २०२३ च्या डिसेंबरात. तीस वर्षांहून जास्त. ज्यांचे पैसे होते त्यांतले कितीतरी जण तोवर गेले. कंपनी बुडाली की कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने फेडावीत, अशी तरतूद १९८५ मध्येच कायद्यात आली होती. कर्ज विभागात असल्यामुळे मला ती पाठ होती. पण कायद्यातली रांग वेगळी आणि हातात नोट पडणं वेगळं. म्हणून कामगारच मालक असलेला कारखाना आहे म्हटल्यावर मला तो बघायचाच होता.

तो योगही आला. तिकडे ऑक्टोबर महिना कामगार-मालकीचा म्हणून पाळतात. त्या निमित्ताने कारखान्यात घरच्यांना बोलावलं होतं. मी, आमच्या सौ., मुलगी, सगळे गेलो. आत शिरताच भिंतीवर मोठा फळा. त्यावर महिन्याची विक्री, खर्च, किती माल खराब निघाला, किती उधारी वसूल व्हायची आहे, सगळं लिहिलेलं. वेल्डिंग करणारा एक आडदांड गडी होता. त्याने मला स्वतःहून सांगितलं की आमची उधारी सरासरी ५२ दिवसांनी येते, ती ४५ वर आणायची आहे, कारण त्यात अडकलेल्या पैशावर आपण व्याज भरतो. मंडळी, ३८ वर्षं मी कर्जदारांना हेच सांगत आलो. हे मालकांच्या मुलांनाही समजत नसे. इथे वेल्डरला समजत होतं, कारण भंगारात गेलेला तुकडा त्याच्याही खात्यातून जात होता.

म्हणजे तिथे रोज मतदान घेऊन कारभार चालतो असं समजू नका. संचालक मंडळ आहे, मॅनेजर आहेत, शेअर ट्रस्टीच्या ताब्यात असतात. कंपनीचं विलीनीकरण, विसर्जन अशा मोठ्या प्रसंगीच कामगारांचं मत घेणं कायद्याने लागतं. शिवाय या कंपनीला एक मोठी सवलत आहे. एस कॉर्पोरेशन या वर्गात नोंदलेली आणि पूर्णपणे अशा ट्रस्टच्या मालकीची असल्यामुळे तिला नफ्यावर केंद्राचा प्राप्तिकर पडत नाही. माणसाने पैसे हातात घेतले की कर त्याने भरायचा. तेवढी रक्कम कारखान्यात खेळती राहते.

इतकं सगळं चांगलं दिसलं की बँकेतल्या माणसाला झोप येत नाही. रात्री मी जावयांना विचारलं, "तुम्ही निवृत्त झालात की हे शेअर घेणार कोण?"

"कंपनी. तिला घ्यावेच लागतात, बाबा. आमचे शेअर बाजारात विकले जात नाहीत, म्हणून परत विकत घेण्याचं बंधन कायद्याने तिच्यावर आहे."

"आणि कंपनी पैसे कुठून आणणार?"

खरी गोम इथे आहे. समजा, हे आकडे माझे आहेत, त्यांच्या कारखान्याचे नव्हेत. समजा कंपनीची किंमत ३ कोटी डॉलर आणि वर्षाचा नफा ४० लाख. पहिल्या फळीची १५ माणसं पुढच्या चार वर्षांत निवृत्त होणार, प्रत्येकाच्या खात्यात सरासरी ६ लाखांचे शेअर. झाले ९० लाख. म्हणजे सव्वादोन वर्षांचा सगळा नफा फक्त निरोपाला. नवीन मशीन कशातून घ्यायचं? गंमत अशी की कंपनी जितकी चांगली चालेल तितका शेअरचा भाव चढणार आणि तितकं हे देणं फुगणार. यशाचंच बिल येतं.

आपल्या लग्नातल्या पंगती आठवा. पहिली पंगत पोटभर जेवते, जिलबी आग्रहाने वाढली जाते. वाढपी शहाणा असेल तर त्याचं लक्ष समोरच्या पानांवर नसतं, आत परातीत किती उरलंय यावर असतं. जुन्या लोकांकडून घेतलेले शेअर कंपनीने रद्द केले तर उरलेल्यांचा भाव वाढतो, पण नवीन पोराच्या पानात काही पडत नाही. तो म्हणतो, मालक तुम्ही, मी नुसता नोकर. तेच शेअर ट्रस्टमधून पुन्हा सगळ्यांना वाटले तर नव्यांना मिळतात, पण त्यासाठी दर वर्षी रोख रक्कम लागते. दोन्हीचा मेळ वर्षानुवर्षं घालत राहणं म्हणजेच अशी कंपनी टिकवणं. बी.कॉम.ला आम्ही सिंकिंग फंडाची गणितं सोडवली, ती हीच. देणं यायच्या आधीपासून दर वर्षी थोडं बाजूला काढायचं. ते केलं नाही तर एक दिवस बाहेरच्या मोठ्या कंपनीला विकून सगळ्यांचे पैसे चुकते करावे लागतात. मग दुसरी पंगत बसतच नाही.

नुसती मालकी तारत नाही याचे दाखले दोन्हीकडे आहेत. युनायटेड एअरलाइन्समध्ये १९९४ साली कर्मचाऱ्यांनी पगारकपात पत्करून ५५ टक्के मालकी घेतली. हवाईसुंदऱ्यांची संघटना त्यात आलीच नाही. २००२ च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ते शेअर मातीमोल झाले. आपल्याकडे कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ मध्ये बंद पडली. कामगारांनी लढून ती मिळवली आणि १९८८ मध्ये बीआयएफआरने त्यांच्या सहकारी संस्थेची योजना मंजूर केली. सुरुवातीची वर्षं त्यांनी चांगली चालवली, पुढे खेळत्या भांडवलाने घात केला. मालकी मनापासून होती, परातीत उरलं नाही.

आता घरातलं. जावई तेव्हा पंचावन्न पूर्ण झाले होते. वय ५५ आणि योजनेत १० वर्षं झाली की माणसाला हक्क मिळतो. खात्यातले २५ टक्क्यांपर्यंतचे शेअर मोकळे करून पैसे दुसरीकडे गुंतवता येतात, आणि सहाव्या वर्षी ही मर्यादा ५० टक्क्यांपर्यंत जाते. दर वर्षाअखेरीनंतर ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. मुलीचा आग्रह होता की काढायचे. "पगार तिथून, म्हातारपणही तिथूनच. कंपनीला ताप आला की आपल्या दोन्ही खिशांना येणार," ती म्हणे. जावयांना ते बेइमानीसारखं वाटे. "२२ वर्षं मी पोरांना सांगतोय की ही कंपनी आपली आहे. मीच पैसे काढले तर ते काय समजतील?" त्यावरून दोघांत आठ दिवस अबोला होता. टेबलावर आम्ही चौघं, आणि आवाज फक्त चमच्यांचा.

जावयाच्या पैशात सासऱ्याने बोलू नये, हे मला आमच्या सौ.नी निघतानाच बजावलं होतं. म्हणून मी सल्ला दिला नाही, तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. पन्नाशीपुढचे किती जण आणि त्यांच्याकडे किती शेअर? त्यांच्यासाठी बाजूला किती काढलंय? सगळे एकाच वेळी निघाले तर काय?

जावयांनी ते मीटिंगमध्ये विचारले. हिशेब बघणाऱ्या बाईंनी दहा वर्षांचा तक्ता पडद्यावर लावला. नावं नव्हती, फक्त वर्षं आणि रकमा. निधी होता, पण पुरेसा नव्हता. बहुतेकांना पाच वार्षिक हप्त्यांत पैसे द्यायचं धोरण होतं. तरी नवव्या आणि दहाव्या वर्षी उंटाच्या पाठीसारखा फुगवटा दिसत होता. त्या फुगवट्यात जावई स्वतः होते. घरी येऊन ते म्हणाले, "बाबा, मी आत्ता थोडे काढले तर तेवढा फुगवटा कमी होतो. आज हाताशी पैसे आहेत तेव्हा थोडे, मग थोडे. सगळे शेवटी मागण्यापेक्षा ते कंपनीलाही बरं."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. जे त्यांना साथ सोडल्यासारखं वाटत होतं, तेच मागच्या पंगतीची सोय करणं निघालं. मुलगी काही बोलली नाही. उठून तिने चहा टाकला आणि त्यांचा कप आधी भरला.

त्यांनी मुदतीत अर्ज दिला. २५ टक्के निघाले, बाकी तिथेच आहेत. कंपनीने निधीत दर वर्षी घालायची रक्कम वाढवली. नववं वर्ष अजून यायचंय, त्यामुळे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही.

तुमच्या घरात कुणाला ईसॉप मिळाला असेल तर अभिनंदन करा, पेढे खा. पण किती मिळाले एवढंच विचारू नका. विकायचे झाले तर घेणार कोण, कोणत्या भावाने आणि पैसे कुठून, हे कंपनीला लेखी विचारायला सांगा. विचारण्यात बेइमानी नाही. मालकाने गल्ला मोजायचाच असतो.