मोहाखालचा पाहुणा

चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याने निघाले की लोहाऱ्यापासून जंगल सुरू होते. पुढे सावली, व्याहाड आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. धानाच्या कामासाठी या वाटेने मी कितीदा तरी गेलो. पण चैत्रात तिची शोभा वेगळीच. मोहफुलांचा गोड वास दूरवरून येतो.

मागच्या चैत्रात वैनगंगेअलीकडच्या एका गावी मुक्काम होता. पहाटे घरची आजी आणि आठ वर्षांचा नातू टोपली घेऊन मोह वेचायला निघाले. मीही सोबत गेलो. झाडाजवळच्या वारुळाला मोठे भगदाड पडले होते.

"रात्री अस्वल येऊन गेलं," आजी म्हणाली.

नातवाने विचारले, "मग वाळवी त्याच्या नाकात नाही का जात?"

बालमित्रांनो, प्रश्न शहाण्याचा होता. अस्वलाला नाकपुड्या मिटून घेता येतात! बोटाएवढ्या लांब नखांनी ते वारूळ उकरते. फुंकर मारून माती उडवते. मग लांब ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतातच; त्या फटीतून वाळवी सरळ तोंडात. हा फुस्स-फुस्स आवाज बराच दूर ऐकू येतो. अंगावरचे दाट, राठ केस त्याला चाव्यांपासून वाचवतात.

वाळवीसारखाच मोहही त्याच्या आवडीचा. आणि याच दिवसांत हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले आईच्या पाठीवर बसून फिरू लागतात. पाठीवरच्या लांब केसांना ती घट्ट धरून बसतात. वाघ आला तरी आई पळत नाही, उभी राहून झुंजते. वाघाच्या राज्यात राहून तिने हेच शिकले आहे.

पण इथेच आपला धोका आहे. अस्वलाचे नाक तीक्ष्ण, नजर मात्र अधू. खाण्यात गुंग असताना माणूस अचानक जवळ आला, तर ते दचकते आणि अंगावर येते. मोहाच्या हंगामात माणसे जखमी होतात ती बहुधा अशीच.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, अंधारात मोहाला जाऊ नका. उजाडल्यावर चार जण मिळून, मोठ्याने बोलत जा. मुलांना एकटे पाठवू नका. पिल्लू दिसले तर आई जवळच आहे असे समजून हळूच मागे फिरा. आणि मोहाखालचा पाला जाळू नका. एका झाडाखालची आग रानभर पसरते. त्यापेक्षा पाला झाडून जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतात.

परतताना आजी नातवाला म्हणाली, "गानं म्हनत जाजो बापू, म्हंजे त्याले कडते आपन आलो ते."

पोराने तिथेच शाळेतले गाणे सुरू केले. घर येईपर्यंत ते थांबले नाही.