चटई कोण अंथरणार?

बदलापूर, रात्रीचे पावणेदहा. सीएसएमटीपासून दीड तास, त्यातला कल्याणपर्यंतचा एका पायावर. घरी पोचतो तेव्हा धाकटी झोपलेली, थोरला मोबाइलमध्ये, बायको ओटा पुसतेय. कौटुंबिक प्रार्थना व्हायची आहे हे तिघांनाही माहीत असतं. चटई दारामागे गुंडाळून उभी. कोणीतरी अंथरेल म्हणून जो तो थांबतो. आज कोणीच अंथरली नाही.

*

आमचे अण्णा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. मूळ नगरकडचे. पहिल्या पाळीला निघण्याआधी घरात शास्त्र वाचून झालेलं असायचं. आम्ही मांडी घालून, आई डोक्यावर पदर घेऊन. गीत आई धरायची, सूर घसरला की अण्णा थांबवायचे. घराचं मस्तक कोण, ही शंका कुणाच्या मनात आली नाही. वाचन एक दिवस चुकलं नाही; पण अण्णांच्या तोंडून आईला 'माझं चुकलं' असं मी एकदाही ऐकलं नाही.

*

इफिसकरांस पत्र, अध्याय ५. आम्ही पुरुष बाविसाव्या वचनापाशी मुक्काम ठोकतो, कारण तिथे बायकोने काय करायचं ते आहे. पंचविसाव्यात नवऱ्याने काय करायचं ते येतं: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, त्या मापाने प्रीती. आणि एकविसावं, एकमेकांच्या अधीन राहण्याचं, दोघांनाही लागू. ते तर आम्ही गाडी न थांबणाऱ्या स्टेशनासारखं मागे टाकतो. लग्नाच्या उपासनेत हाच उतारा वाचतात. माझ्या लग्नात तो वाचला गेला तेव्हा माझं लक्ष फोटोग्राफरकडे होतं.

*

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाईंना न विचारता. कवी थोर, पण संसारात असा माणूस निभावणं सोपं नव्हतं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना खो खो हसतो आणि मधेच गप्प होतो. हातातले पैसे वाटून मोकळा होणारा नवरा, आणि उद्याच्या पिठाची काळजी करणारी बायको. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या. बाप्तिस्मा घेतला तो पुढे, स्वतःचा विचार पक्का झाल्यावर. टिळकांच्या बाजूने एवढं लिहायला हवं, की त्यांनी ओढाताण केली नाही, वाट पाहिली. लिहावाचायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

१९१९ला टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य जेमतेम सुरू झालेलं. पुढचे अध्याय रचून ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी.

*

तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईसमध्ये होता, मग आई युनीकेमध्ये, असं पौल नावानिशी लिहितो. बापाचं नाव कुठेच नाही. ग्रीक होता, एवढंच 'प्रेषितांची कृत्ये' सांगतं. बदलापूर फास्टमध्ये असेल बिचारा.

*

उल्हासनगर, कॅम्प चार. घरसभेला गेलो होतो. खोलीत जीन्सचे गठ्ठे छतापर्यंत. घरातली बाई नगावर धागे कापते. तिनेच कात्री बाजूला ठेवली, गठ्ठे सरकवून बसायला जागा केली, गीत सुरू केलं. नवरा दाराशी उकिडवा. प्रार्थना संपल्यावर तो उठला, सगळ्यांना चहा दिला, कप विसळले आणि पुन्हा दाराशी जाऊन बसला. परतताना आमच्यातला एक जण म्हणाला, "त्या घरात पुरुषाचा पुढाकार नाही." मी चहाचा विचार करत होतो.

*

२६ जुलै २००५. उल्हास नदी चढली, आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी. अण्णा पाळीवर अडकलेले. आईने आम्हाला आणि शेजारच्या आजींना गच्चीवर नेलं, रात्रभर गीतं म्हणत बसवलं. दुसऱ्या दिवशी अण्णा रुळांवरून चालत आले, बूट हातात. शास्त्राची प्रत भिजून फुगली होती. आईने ती कठड्यावर वाळत घातली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. फावडं मागितलं. आधी आजींच्या खोलीतला गाळ काढला, मग आमच्या. त्या संध्याकाळी घरात वाचन झालं नाही. अण्णांचं न म्हटलेलं 'चुकलं' मी त्या दिवसाच्या खात्यावर जमा धरतो.

*

स्वतःसाठी यादी. आईच्या गोळ्या कधी संपतात, मला माहीत आहे का? शाळेतल्या पालकसभेला गेल्या खेपेला कोण गेलं होतं? घराच्या हप्त्यानंतर किती उरतात, बायकोला सांगितलं का? दशांश दोघांनी मिळून ठरवला की मी परस्पर पाकिटात घातला? नाताळच्या करंज्या तळताना मी कुठे होतो? (कॅरल राउंडला. सगळ्यात पुढे.)

*

शनिवारी गणिताच्या मार्कांवरून थोरल्यावर ओरडलो. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, इतकं. रविवारी उपासनेत प्रभुभोजनाआधी तेच डोक्यात. घरी आल्यावर त्याला म्हणालो, "काल माझं चुकलं. बोलायचं होतं ते वेगळं, ओरडलो भलतंच." शब्द घशातून निघताना अण्णांची आठवण झाली, त्यांना किती जड गेलं असेल. पोरगं मोबाइलमधून मान वर करून म्हणालं, "बरं." बस. तरी त्या रात्री चटई मी अंथरली. सोमवारीही.

*

मंगळवार. विठ्ठलवाडीच्या पुढे गाडी अर्धा तास उभी. घरी पोचलो तर अकरा. चटई अंथरलेली. तिच्यावर थोरला आडवा, गाढ झोपलेला, शास्त्र उशाशी. उठवलं नाही. शेजारी बसून एकशेएकविसावं स्तोत्र हळू आवाजात वाचलं. आठच वचनं आहेत.

"आमेन," बायको ओट्यापाशी म्हणाली.