पाणघोडा नाही गं, समुद्रघोडा

"पाणघोडा? तुझ्या त्या भाड्याच्या फ्लॅटात?"

आईच्या आवाजात काळजी कमी आणि 'ह्याला अमेरिका मानवली नाही' हा निष्कर्ष जास्त होता. मी म्हटलं, "पाणघोडा नाही गं, समुद्रघोडा. मासा असतो तो. माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा." त्यावर पाच सेकंद शांतता आणि मग, "खातात का तो?" चिपळूणच्या बाईला मासा म्हटल्यावर दुसरा प्रश्न पडूच शकत नाही. असो.

तर मंडळी, ह्या प्रकरणाची सुरुवात एप्रिल 2024 मधल्या एका शनिवारी झाली. मी टॅम्पात, बायको पुण्यात एमडीच्या शेवटच्या टप्प्यात. शनिवार-रविवार म्हणजे कपडे धुणं, आठवड्याची आमटी करून फ्रीझ करणं आणि उरलेल्या वेळात छताकडे बघणं. ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकाऱ्याला माझी दया आली असावी. तो नातवाला घेऊन फोर्ट डी सोटोच्या किनाऱ्यावर निघाला होता, मलाही गाडीत घातलं. तिथे गुडघाभर पाण्यात समुद्री गवताची कुरणं आहेत. त्याने गवतातून एक छोटी जाळी फिरवली आणि ओंजळभर पाण्यात काहीतरी घेऊन माझ्यासमोर धरलं. मला वाटलं गवताचा तुकडा. मग त्या तुकड्याने डोळा फिरवला. एकच डोळा. दुसरा दुसरीकडेच बघत होता.

आजोबांनी तो लगेच परत सोडला. मी मात्र घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

हा 'ड्वार्फ सीहॉर्स', शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस झॉस्टेरी. मेक्सिकोचं आखात, फ्लोरिडा, बहामा, एवढंच त्याचं जग. पूर्ण वाढलेला जेमतेम अडीच सेंटिमीटर, आयुष्य वर्ष-दोन वर्षं. गिनीज बुकात जगातला सर्वांत हळू पोहणारा मासा म्हणून ह्याची नोंद आहे, तासाला साधारण दीड मीटर! (आमच्या चेंज रिक्वेस्ट अप्रूव्ह होण्याचा वेग ह्याहून कमी आहे, पण गिनीजवाल्यांना कोण सांगणार.) गंमत म्हणजे हाच मठ्ठ मासा शिकारी म्हणून पट्टीचा आहे. ब्रॅड गेमेल आणि सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवून दिलं की त्याच्या डोक्याचा आकारच असा आहे की तोंडासमोरचं पाणी हलतच नाही. भक्ष्याला चाहूल लागत नाही, आणि शेवटचा एक मिलिमीटर तो एक मिलिसेकंदाच्या आत पार करतो. दहातले नऊ हल्ले यशस्वी.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथे कॉमिक्सच्या मागच्या पानावर ह्यांची जाहिरात यायची. पोरांनी पैसे पाठवायचे, पोस्टाने जिवंत समुद्रघोडे घरी. त्यातले किती जगले असतील ह्याचा विचार न केलेलाच बरा. मी समुद्रातून धरून आणायचे नाहीत एवढं पक्कं ठरवलं. टाकीत जन्मलेले, टाकीतल्या अन्नाची सवय असलेले घ्यायचे. आणि हे सगळं पुण्यात करता आलं नसतं हेही सांगून टाकतो. आपल्याकडे 2001 पासून सगळे समुद्रघोडे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. म्हणजे प्रोजेक्ट संपून परत जाताना ह्यांना इथेच कोणाच्या तरी हवाली करावं लागणार. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी टाकी आणली.

टाकी पाच गॅलनची, म्हणजे 19 लिटर. लोकांना वाटतं मोठी टाकी म्हणजे माशाची चैन. इथे उलटं आहे. हा मासा भक्ष्याच्या मागे जात नाही, शेपटीने गवताला धरून बसतो आणि समोर येईल ते टिपतो. मोठ्या टाकीत खाणं पांगतं आणि हा भरल्या ताटासमोर उपाशी राहतो. पण लहान टाकीचं दुखणं असं, की पाणी जरा आटलं की खारटपणा लगेच वाढतो. पहिल्याच आठवड्यात मी आटलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी भरलं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, हे मिठागर बघितलेल्या पोराला चौथीत कळतं. इंजिनिअरला रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा चढल्यावर कळलं.

मग पाच आठवडे रिकाम्या टाकीकडे बघत बसायचं. टाकीत एक कोळंबी सडत टाकायची (आईला हे सांगितलेलं नाही), तिचा अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही आकडे शून्यावर आले की टाकी तयार. ह्याला शॉर्टकट नाही. मी शोधले होते.

खरी नोकरी मात्र टाकीची नाही, खाण्याची. ह्या माशाला पोट नसतं. खाल्लेलं भराभर आतड्यातून निघून जातं, त्यामुळे दिवसातून दोन-तीन वेळा जिवंत खाऊ हवाच, तोही ताजा उबवलेला. सोड्याची एक लिटरची बाटली उलटी टांगायची, बूड कापायचं, खारं पाणी भरायचं, चिमूटभर ब्राइन श्रिंपची अंडी टाकायची आणि खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. चोवीस तासांत नारिंगी धुळीसारखी पिल्लं पोहायला लागतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. नळीने ओढायची, बारीक जाळीतून गाळायची, धुवायची आणि टाकीत सोडायची. ही पिल्लंही जन्मल्यावर काही तासांतच आपला साठा संपवून निकस होतात. म्हणून दोन बाटल्या, बारा तासांच्या अंतराने. एक प्रायमरी, एक स्टँडबाय. पहिल्या दिवशी ह्या आर्किटेक्चरचं मला फार कौतुक वाटलं होतं. चाळिसाव्या दिवशी, सकाळी साडेसहाला, ऑन-कॉलची रात्र काढून बाटली गाळताना वाटलं नाही.

जूनच्या शेवटी डब्यातून सहा समुद्रघोडे आले. तीन नर, तीन माद्या. नराच्या पोटाला पिशवी असते. मादी त्यात अंडी घालते आणि पुढचे दहा-बारा दिवस गरोदर असतो तो नर. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती वॉर्डातून नुकतीच आली होती. म्हणाली, "दहा-बारा दिवस? मग त्यात कौतुक काय?"

रोज सकाळी साडेसात हा आमचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडे संध्याकाळचे पाच. त्याच सुमारास टाकीतला दिवा लागायचा आणि एक जोडी एकमेकांजवळ यायची. रंग उजळायचे, एकाच काडीला शेपट्या गुंडाळून दोघं थरथरायचे, मग आपापल्या कामाला. हेदर मॅसनजोन्स आणि सारा लुइस ह्यांनी 1996 साली ह्या थरथरण्याचं तपशीलवार वर्णन केलंय. मी फोन काचेला लावून धरायचो आणि आम्ही दोघं काही न बोलता ते बघायचो. खरं सांगायचं तर त्या महिन्यात आमच्याकडे बोलायला फारसं उरलंच नव्हतं. ती थकलेली, मी कंटाळलेला. मासे होते म्हणून कॉल चालू होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नऊ पिल्लं झाली. प्रत्येक आठ मिलिमीटर, हुबेहूब बापासारखं. आणि चार दिवसांत नऊच्या नऊ गेली.

चूक माझी. अंडी उबवण्याआधी ब्लीचमध्ये बुडवून त्यांचं कवच काढायचं असतं. तपकिरीची पांढरी आणि पांढऱ्याची नारिंगी होईपर्यंत ढवळायचं आणि ब्लीचचा वास जाईपर्यंत धुवायचं. वीस मिनिटांचं काम. मी ते दोन आठवडे टाळलं होतं, कारण रिलीज होतं. कवच न काढलेल्या अंड्यांबरोबर हायड्रॉइड येऊ शकतात. जेलीफिशचे नातेवाईक, काचेवर कापसाच्या धाग्यांसारखे दिसतात, आणि त्यांना डंख असतो. मोठ्या समुद्रघोड्याला तो नाहीतर काय, आठ मिलिमीटरच्या पिल्लाला तो पुरेसा होतो. शिवाय त्यांचं खाणंही तेच, ब्राइन श्रिंप. म्हणजे मी रोज तीन वेळा त्यांनाच पोसत होतो. ते धागे मला आठवडाभर दिसत होते. 'वीकेंडला बघू' म्हणून मी बग लिस्टमध्ये टाकावं तसं टाकून दिलं होतं.

बायकोला तीन दिवस सांगितलं की पिल्लं गवतात लपलीयत. चौथ्या दिवशी तिने स्क्रीनकडे बघत विचारलं, "किती गेले?"

मी म्हटलं, "सगळे."

"मग मला का नाही सांगितलंस? मी रोज ऐकते रे हे. तुझ्याकडून लपवलेलं ऐकायचं नाहीये."

मला उत्तर सुचलं नाही. मग तीच म्हणाली, "औषध काय असतं त्याला?" औषध म्हणजे फेनबेंडाझोल, कुत्र्यांचं जंताचं. समुद्रघोड्यांना चालतं, हायड्रॉइडना नाही. पाकिटात पावडर 22.2 टक्के, टाकीत दगड-वाळू वजा जाता पाणी किती, डोस किती, हे सगळं तिने कागदावर करून फोटो पाठवला, खाली सही-बिही करून. :-) हे औषध दगडात मुरतं आणि पुढे कित्येक महिने तिथे गोगलगायी टिकत नाहीत, म्हणून गोगलगायी आधी एका मित्राला देऊन टाकल्या. दहा दिवसांत काच स्वच्छ. ब्लीचची वीस मिनिटं तेव्हापासून एकदाही चुकलेली नाहीत.

सप्टेंबरअखेर दुसरी खेप, अकरा पिल्लं. आणि 26 सप्टेंबरला हेलीन वादळ बाजूने गेलं, त्याच्या मागोमाग मिल्टन. मिल्टन आखातात पाचव्या श्रेणीला पोचलं होतं आणि नकाशावरची रेघ सरळ टॅम्पावर होती. माझा भाग इव्हॅक्युएशन झोनमध्ये नव्हता, म्हणून मी थांबलो. लोडशेडिंगमध्ये वाढलेला माणूस एका बाबतीत हुशार असतो. हेलीननंतर दुकानं उघडल्या उघडल्या मी बॅटरीवरचे दोन एअर पंप आणि चोवीस मोठे सेल आणून ठेवले होते.

9 ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन दक्षिणेला, सरासोटाजवळ सिएस्टा की इथे धडकलं. पुण्यात तेव्हा सकाळचे सहा. राज्यात तीस लाखांहून जास्त घरांची वीज गेली, त्यात मीही. फोनला एक काडी रेंज, कॉल लागेना. मी बाथटबच्या बाजूला, टाकी शेजारी, डोक्याला हेडलँप. एक पंप टाकीला, एक बाटलीला. बाहेर काहीतरी मोठं पडलं तेव्हा मी पहिल्यांदा पाण्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. हे आईला सांगितलं तर मार खाईन.

पहाटे चारला एक मेसेज गेला. मी लिहिलं होतं, 'ठीक आहे. अकरा.' तिचं उत्तर लगेच आलं, म्हणजे ती पूर्णवेळ फोन हातात घेऊन बसलेली होती. 'गाढवा, मी तुझं विचारत होते.'

वीज तीन दिवसांनी आली. एसी नाही, पाणी गरम होत गेलं, चार पिल्लं गेली. तिला त्याच दिवशी सांगितलं. सात राहिली.

त्या सातांतलं आज कोणी नाही, पण त्यांच्या पोरांची पोरं आहेत. बायकोचं बाँडचं वर्ष संपायला दोन महिने उरलेत. तिचा व्हिसा झाला की ती येणार, मग पुढे कोणी कुठे राहायचं ह्यावर आमची रोज नवीन चर्चा होते आणि रोज अर्धवट राहते. त्यात टाकी कोणाला द्यायची हाही मुद्दा असतो. त्या आजोबांचा नातू तयार आहे. त्याला मी दर रविवारी ब्लीचची वीस मिनिटं शिकवतोय, आणि तो दर रविवारी घड्याळाकडे बघतो.

आत्ता मात्र उठतो. बाटली नंबर दोन गाळायची वेळ झाली.