शरणपूरची माणसं

नाशकात शरणपूर रोड कुणाला विचारावा लागत नाही. कॅनडा कॉर्नरला घटकाभर उभं राहिलं तर अर्धं शहर समोरून जातं. महापालिकेचं राजीव गांधी भवन, दवाखाने, क्लासेस, कपड्यांची दुकानं, आणि थंडी पडली की तिबेटियन मार्केटात स्वेटरचा भाव करणारी बायामाणसं. ज्या गावावरून रस्त्याला नाव पडलं ते गाव शहराने केव्हाच पोटात घेतलं. रविवारी सकाळी संत आंद्रिया चर्चकडे निघालेली कुटुंबं दिसतात, तेवढीच त्याची खूण. मुलाच्या शर्टाला कडक इस्त्री, बाईच्या पर्सशेजारी ‘उपासना संगीत’, दारात एकमेकांना सलाम. आत पेटी वाजते, मराठीतली भजनं म्हटली जातात.

पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली इथे वस्ती बसवली, तेव्हा हा भाग नाशिकच्या बाहेर, पश्चिमेला होता. चर्च मिशनरी सोसायटीचं काम शहरात १८३२ पासून चालू होतं. मग वीस-बावीस वर्षांनी निराळं गाव वसवायची गरज का पडली? उत्तर नाशिकमध्येच आहे. क्षेत्राच्या ठिकाणी बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला पाणवठा बंद, न्हावी-धोबी बंद, राहायला खोली बंद. सोवळ्याचा तो काळ किती कडक होता हे पुढे स्वतः ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त पाहावं. त्यांचं माहेर जलालपूर, नाशिकपासून हाकेच्या अंतरावर. आजोबा सत्तावनच्या बंडात फासावर गेले, तो धक्का बसून वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. अशा मुलखात ख्रिस्ती झालेल्याला आधी छप्पर लागे आणि हाताला काम लागे. म्हणून शरणपुरात घरांच्या जोडीला शाळा निघाली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवायची सोय झाली.

समुद्र ओलांडून आलेल्यांनी परक्या मुलखात चर्च उभारल्याच्या कथा जगभर आहेत. देशातल्या राजमान्य चर्चशी पटेना म्हणून व्हॅन राल्टे नावाचा डच पाळक आपली मंडळी घेऊन अमेरिकेला गेला आणि १८४७ साली मिशिगनमध्ये त्यांनी हॉलंड नावाचंच गाव वसवलं. हाल त्यांचेही झाले. पण त्यांनी आपली प्रार्थना, आपली भाषा, आपली आडनावं बरोबर नेली होती. शरणपूरला समुद्रापलीकडून जी माणसं आली त्यांच्याजवळ यातलं काहीच उरलं नव्हतं.

ती आफ्रिकेची मुलं होती. पूर्व किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबतं इंग्रजी आरमार अडवायचं आणि सुटलेल्या कित्येकांना मुंबईला उतरवायचं. परत धाडायचं तर कुठे? आपलं गाव कोणत्या दिशेला, किती दिवसांच्या वाटेवर, हे त्या लेकरांना सांगता येत नव्हतं. मुंबईत त्यांना सांभाळणारे पाद्री इझेनबर्ग जर्मन होते. आधी ते अ‍ॅबिसिनियात होते आणि अम्हारिक भाषेचा कोश त्यांनी केला होता. १८६० साली या मुलांचा आश्रम शरणपूरला आला. गावातल्या गावात परकी झालेली माणसं आणि खंडच हरवलेली मुलं एका वस्तीत राहू लागली. वर्गात, कामाच्या जागी, चर्चच्या बाकांवर ती शेजारी शेजारी बसत असतील, त्यांच्या कानांवर आपली मराठी पडत असेल. हे मनात आलं की मला या रस्त्याचा गोंगाट ऐकू येईनासा होतो.

त्यांची नावंही गेली. रामकुंडावर आपण उपाध्यांकडे जातो, गाव आणि आडनाव सांगतो, ते वही काढतात आणि खापरपणजोबांची सही समोर धरतात. शाई विटलेली असते, पण नाव असतं. आपल्याआधी आपलं कुणी इथे येऊन गेलं, हा केवढा मोठा आधार असतो! या शहरातल्या त्या मुलांना मात्र नवी नावं घेऊन उभं राहावं लागलं: जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, मॅथ्यू वेलिंग्टन. वेलिंग्टनचं मूळ नाव चेंगविम्बे होतं. त्याचं ते कळतं तरी.

१८६६ साली नावाजलेला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाला, तेव्हा नाशिकच्या शाळेतले नऊ जण त्याच्याबरोबर होते. १८७२ साली आणखी काही गेले, त्यांत वेनराइट आणि वेलिंग्टन होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी प्रेत किनाऱ्याला न्यायचं ठरवलं. हृदय आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात घातली आणि एका झाडाखाली पुरली. त्या वेळी प्रेतसंस्काराची प्रार्थना वेनराइटने वाचली. प्रेताला मीठ लावलं, ते दोन आठवडे उन्हात वाळवलं, मग कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं. वेनराइटने त्या झाडाच्या बुंध्यावर मेलेल्याचं नाव, तारीख आणि सोबत्यांची नावं कोरली. आफ्रिकेच्या पोटात, कुणी वाचायला येईल याची खात्री नसताना, शरणपुरात शिकलेला हात लाकडात एकेक अक्षर काढत होता. पुढे तो बुंधा कापून लंडनला नेला. वेनराइट स्वतः प्रेताबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये तो एकटाच आफ्रिकी होता. सारा मान लिव्हिंग्स्टनच्या वाट्याला आला याचं मला नवल नाही. नाशिकने वेनराइटला विसरावं, याचं मात्र वाईट वाटतं.

मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीनंतर जून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करायचा करार केला. त्यांच्याच सल्ल्याने मोम्बासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी वस्ती करायचं ठरलं आणि ते काम प्राइस यांच्याकडे आलं. वस्तीला नाव पडलं फ्रिअरटाउन. शरणपूरचे आफ्रिकी तिकडे गेले. त्यांना तिथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. मातीने आफ्रिकी, पण शिक्षण आणि राहणी इकडची, म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांना ते परके. धर्माने एक असूनही गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांना बरोबरीचं मानलं नाही. दोन्हीकडून उपरेपण आलं, तरी ती शाळा आणि ते चर्च त्यांनीच चालवून दाखवलं. फ्रिअरटाउनची घंटा मोम्बासाजवळ रस्त्याच्या कडेला अजून आहे.

इकडे शरणपूर हळूहळू निव्वळ मराठी ख्रिस्ती वस्ती झाली. १९२९ साली नाशिकला स्वतंत्र बिशप आले, १९७० साली अँग्लिकन मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. लक्ष्मीबाईंची अखेरची वर्षं नाशकातच गेली आणि १९३६ साली त्या इथेच वारल्या. लिव्हिंग्स्टनचं प्रेत वाहून नेणाऱ्यांतला शेवटचा माणूस म्हणून ओळखला गेलेला मॅथ्यू वेलिंग्टन त्याच्या आदल्याच वर्षी मोम्बासात वारला होता.

नाशिकच्या मुलांना आपण सावरकर सांगतो, दादासाहेब फाळके सांगतो, कुसुमाग्रज सांगतो. त्यांच्या बरोबरीने विल्यम जोन्स सांगायला हवा. १८८५ साली त्याला डीकनपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी त्याला बरोबर घेऊन निघालेले बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. मागे राहिलेला तांडा घेऊन जोन्स महिनाभर त्यांची वाट पाहत थांबला आणि मग सगळ्यांना चालवत मोम्बासाजवळच्या राबाईला, मिशनच्या ठाण्यावर, परत घेऊन आला. त्या राबाईतच, जोन्सच्या कारकिर्दीत, किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम येऊन राहू लागले. मालक त्यांना मागत होते. मिशनच्या वस्तीत शेकडोंना आसरा मिळाला, त्यांच्यासाठी झोपड्या उभ्या राहिल्या, पेरण्या झाल्या. शेवटी ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत १४२१ माणसं मोकळी झाली.