शाळा की घर?

शाळेत नाव न घालता घरीच शिकणे म्हणजे घरशिक्षण. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे घरी शिकण्याचा निर्णय बहुधा आठवीनंतर, मुलाच्या स्वतःच्या मताने होऊ शकतो.

महाराष्ट्रात दहावीसाठी अशा मुलापुढे दोन सरळ वाटा असतात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसता येते. पेपर मात्र शाळेतल्या मुलांसारखेच असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत विषय निवडण्याची मोकळीक अधिक, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो. त्यामुळे खेळ किंवा गाण्याच्या रियाजासाठी वेळ राखता येतो.

कागदपत्रांपेक्षा अवघड असते ते दिवसाचे वेळापत्रक. घंटा नसली की उठणे, बसणे, उजळणी सारे स्वतःच ठरवावे लागते. प्रयोगशाळा, मैदान आणि मधल्या सुट्टीतला वाटून खाल्लेला डबा यांची भरपाई ग्रंथालय, क्लब, शिबिरे यांतून मुद्दाम करावी लागते. पालकांपैकी कुणाचा तरी वेळही लागतो.

म्हणून आधी कारण तपासावे. शाळेत जाच होत असेल तर त्यावर उपाय आधी हवा; शिकण्याची ओढ असेल तर उन्हाळी सुट्टीत महिनाभर घरचा अभ्यास करून पाहणे हीच उत्तम कसोटी.