समोर कोण आहे?

उन्हाळा लागला की माझ्याकडे मुलं यायला लागतात. कुणाला नाट्यशास्त्र विभागाच्या प्रवेशासाठी स्वगत हवं असतं, कुणाला एनएसडीच्या निवड चाचणीला जायचं असतं. पावसाळ्यात मोठी माणसं येतात. बँकेतली, शाळेतली, एस.टी.तली. त्यांना राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता हवी असते. मागणी सगळ्यांची एकच: "सर, काहीतरी नवीन सांगा. आणि ज्यात करायला आहे असं सांगा." मी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आमच्या औरंगाबादेत, तीस वर्षं नाटकं बसवतोय. त्यातला बराच वेळ या एका मागणीपायी वाचण्यात गेला, आणि तो वेळ मला तालमीइतकाच प्रिय आहे.

'करायला आहे' हा आम्हा नाटकवाल्यांचा शब्द. विचारणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ बहुतेक वेळा ठरलेला असतो: रडायला आहे, ओरडायला आहे, शेवटी कोसळायला आहे. यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. बक्षिसं त्यालाच मिळताना त्यांनी पाहिलेली असतात. पण भूमिका सुचवायची म्हणजे तो अर्थ आधी सोडवून घ्यावा लागतो, आणि तो बोलून सुटत नाही, उभं राहून, करूनच सुटतो.

गेल्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातली एक मुलगी आली. विशीतली. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं लीला बेणारेचं स्वगत पाठ करून आली होती. ओढणी कमरेला बांधली, डोळे मिटून घेतले आणि सुरू झाली. पाठांतर चोख, शब्द इकडचा तिकडे नाही. 'न' आणि 'ण' इतके जपून म्हणायची की प्रत्येक 'ण'पाशी तिची मान ताठ व्हायची. संपल्यावर मी विचारलं, "हे तू कुणाला सांगतेस?"

"प्रेक्षकांना, सर."

"ते झालंच. पण तिथे, त्या खोलीत, कुणाला?"

तिला उत्तर सापडेना. बेणारेचं स्वगत मराठीतल्या किती मुलींनी चाचण्यांमध्ये म्हटलं असेल याची गणती नाही. पण ते नाटकात कुठल्या जागी येतं हे फार थोड्या जणी पाहतात. अभिरूप न्यायालयाचा खेळ चाललाय, खेळता खेळता सगळे तिच्या आयुष्यावर तुटून पडलेत, आणि आरोपीला बोलायला म्हणून मोजून दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत ती बोलते, आणि बाकीचे जिथल्या तिथे गोठलेले असतात. समोर माणसं आहेत, पण तिचा एक शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हे स्वगत नाटककार तेंडुलकरांना मुळात लिहायचं नव्हतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे ते लिहिलं गेलं. मला हे फार मोलाचं वाटतं. नाटक तालमीत उभं राहत असताना कुणालातरी जाणवलं की या बाईचं बोलणं राहून गेलंय. न ऐकणाऱ्या माणसांसमोरचं ते बोलणं आहे. डोळे मिटून म्हटलं की ती माणसं नाहीशी होतात आणि उरतो तो वक्तृत्व स्पर्धेतला उतारा.

मी मुलीला बसवलं, चहा दिला, आणि सकाळी घरून निघताना काय झालं ते सांग म्हणालो. ती सांगू लागली. "टँकरचा पत्ता नव्हता सर, आई सकाळधरून बोलायली मला, म्हणं पाणी कोण भरायचं, तू चाललीस नाटकं कराया…" मान सैल झाली, हात हलायला लागले. आईचं वाक्य सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या खांद्याच्या थोडं वर बघत होती. आई तिथे उभी होती. तिची भूमिका कुठे शोधायची ते मला तेवढ्यात कळलं.

मी तिला प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' वाचायला दिलं. 2017 साली 'भद्रकाली' या नाट्यसंस्थेनं रंगभूमीवर आणलेलं हे नाटक आता पुस्तकातही आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय. पात्रं दोनच, दोन्ही बायका. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगरावर निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा मोडतो. तो काटा काढतो विठ्ठल, आणि तिची काळजी घ्यायला लखूबाई म्हणून रखुमाईला तिच्या घरी पाठवतो. आवली पांडुरंगाला मनसोक्त बोल लावते, आणि ते ऐकत असते त्याचीच बायको. आवली करणारीला समोर कोण आहे ते ठाऊक नसायला हवं. लखूबाई करणारीला ते ठाऊक असून कळू द्यायचं नाही. घरकाम चालू, गाणं चालू, आणि दोघींच्या मध्ये ही न दिसणारी भिंत. गेल्या काही वर्षांतल्या मराठी नाटकांत नटीच्या हाती इतकं काही देणाऱ्या भूमिका मोजक्याच आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मुलीच्या कानात आईचं बोलणं अजून ताजं आहे, तिला आवलीची भाषा तोंडात बसवायला मेहनत नाही. तिची मेहनत वेगळी: आवलीच्या रागात चिडचिड किती आणि माया किती, हे वाक्यावाक्याला ठरवत जाणं. दोन आठवडे ती पाय चेपून घेत, भांडी सरकवत त्यातले दोन उतारे म्हणत राहिली. पहिल्या आठवड्यात नुसती चिडत होती. मग एक दिवस तिनं शिवी दिल्यासारखं देवाचं नाव घेतलं आणि लगेच भांडं हळूच खाली ठेवलं, आवाज होऊ नये म्हणून. मी तिला एवढंच म्हणालो की हे भांडं असंच ठेवत जा.

स्वगत म्हणजे एकटं बोलणं, हा समज नटाचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'त विद्या नवऱ्याशी टेलिफोनवर बोलते. फोनच्या दुसऱ्या टोकाचा एक शब्द आपल्याला ऐकू येत नाही. दळवी, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, ही आमच्याच गावची, 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी, म्हणून या नाटकावर माझा जीव थोडा जास्त आहे हे कबूल. 1991 साली विद्या वंदना गुप्ते यांनी केली. 2022 साली नाटक पुन्हा आलं तेव्हा मुक्ता बर्वे यांनी. तीस वर्षांत घरातला फोन हातातला झाला, पण प्रवेशाची धार गेली नाही, कारण ती फोनमध्ये नव्हतीच. ती आहे विद्या ऐकते त्या क्षणांत. नटी बोलून थांबते, पलीकडून काहीतरी येतं, तिच्या चेहऱ्यावर ते पोचतं, आणि मग पुढचं वाक्य. नवशिकी मुलगी ती जागा मनात 'एक, दोन' मोजून भरते. मोजलेलं लगेच दिसतं.

म्हणून हा प्रवेश देताना मी एका मुलाला शेजारच्या खोलीत बसवतो आणि खरा फोन लावतो. नवऱ्याची वाक्यं त्यानं स्वतः लिहायची, आणि रोज बदलायची. मुलीला पुढचं वाक्य नाटकातलंच म्हणायचं आहे, पण कशावरून म्हणायचं ते रोज नवं. पाच-सहा दिवसांनी फोन काढून घेतो. तोवर तिच्या कानात पलीकडचा माणूस राहायला आलेला असतो. ही युक्ती सांगून ठेवतो, कारण ती कुणालाही जमते आणि पैसे पडत नाहीत.

पुरुषांचं अडतं 'नटसम्राट'पाशी. 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, आणि तेव्हापासून पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक हौशी नटाला आयुष्यात एकदा ती शाल पांघरायची असते. इच्छा साधी नाही, तिच्यामागे आयुष्यभराची भूक असते. तिला मी हसत नाही. पण नाटककार शिरवाडकरांच्या शब्दांआधी लागूंचा आवाज घशात येऊन बसतो आणि समोर बसलेल्या 'सरकार' दिसेनाशा होतात. बायकोशी इतकं लडिवाळ बोलणारा माणूस सभागृहाला उद्देशून गर्जत राहतो.

असे एक गृहस्थ आले होते. निवृत्त गणिताचे शिक्षक, शिडशिडीत, आवाज मऊ. त्यांना मी अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' सुचवलं. अतुल पेठे यांनी बसवलेल्या या नाटकात र. धों. कर्वे आहेत, गणिताचे प्राध्यापक. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणावर लिहिलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. शिक्षकांनी संहिता वाचली आणि नाराज होऊन परत आले. "यात कुठे फुटायला जागाच नाही हो." मी म्हटलं, तीच तर जागा आहे. समोर न्यायाधीश आहेत. आवाज चढवला तर हा माणूस हरतो, गप्प बसला तरी हरतो. तेव्हा शांत आवाजात, पायरी न चुकता, सिद्धता मांडत जायची, ऐकणारा ऐकणार नाही हे कळत असताना. तुम्ही चाळीस वर्षं वर्गात हेच केलंत. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "फळा मिळेल का?" फळा नाटकात नव्हता. तालमीत दिला. पहिले चार दिवस ते प्रत्येक युक्तिवाद खडूनं मांडत बोलले, पाचव्या दिवशी फळा काढला, तरी उजवा हात त्याच उंचीवर हलत राहिला. तो हात आम्ही प्रयोगात ठेवला.

तिशीतलं जोडपं शोधत येतं तेव्हा मी राजीव नाईकांचं 'साठेचं काय करायचं?' पुढे करतो. अभय आणि सलमा, एक घर, आणि ज्याच्यावाचून त्यांचं बोलणंच होत नाही तो साठे रंगमंचावर कधी येत नाही. मध्यमवयीन मैत्रिणींना एलकुंचवारांचं 'सोनाटा'. ही दोन्ही आता नवी म्हणता येत नाहीत, पण आमच्याकडे जे वाचलं गेलं नाही ते नवंच. मोठा संच असेल तर जयंत पवारांचं 'अधांतर'. 1982 च्या गिरणी संपानंतर विस्कटलेलं गिरणगावातलं घर, आणि त्यातली आई. ही भूमिका मागायला सहसा कुणी येत नाही, सगळ्यांना तिचा मुलगा नऱ्या हवा असतो. आईचं मोठेपण तिच्या वाक्यांत शोधलं तर हाती थोडंच लागतं. चार पोरं चार दिशांनी बोलतात आणि तिला प्रत्येकाचं ऐकावं लागतं, तिथे ते आहे.

एकपात्रीचं विचारणारेही असतात. डॉ. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त बावन्न माणसं एकट्यानं उभी करायचे. आमच्या शहरानं ते इतक्यांदा पाहिलंय की इथल्या मुलांना एकपात्री म्हणजे आवाज बदलणं असं वाटतं. आवाज तर बदलायचाच, पण एक पात्र दुसऱ्याकडे बघतं ती नजर किती उंचीवर जाते, लहान मुलाकडे खाली की पाटलाकडे वर, यावर सगळा डोलारा. सुषमा देशपांडे यांचं 'व्हय, मी सावित्रीबाई' 1989 पासूनचं. त्यात सावित्रीबाई थेट आपल्याशीच बोलतात. तिथे समोरचा माणूस कल्पनेतला नाही, खुर्चीत बसलेला आहे, आणि त्याच्याशी बोलणं सगळ्यात अवघड.

उतारा मागणाऱ्याला मी आता नुसता उतारा देत नाही. पूर्ण नाटक देतो, आणि लेखकाची परवानगी आधी घ्यायला लावतो. छापलेली नाटकं मिळवायला ग्रंथालयं पालथी घालावी लागतात, न छापलेल्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरतात, शेवटच्या पानावर अक्षरं पुसट होतात. लेखकाला पत्र लिहिलं, फोन केला, तर बहुतेक जण आनंदानं संहिता देतात. आपलं नाटक कुठल्यातरी तालुक्याच्या गावी कुणी वाचतंय, हे त्यांनाही हवं असतं.

पूर्ण नाटक देण्याची सवय मला एका चुकीनं लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिबिरात मी उतारे वाटत होतो. पस्तिशीच्या एका बाईच्या हातात 'ध्यानीमनी' नाटकातली दोन पानं दिली. मूल नसलेल्या बाईनं मनातल्या मनात वाढवलेला मुलगा, आणि ते सांभाळून घेणारा नवरा. भूमिका ताकदीची, बाई ताकदीची, मी खूश होतो. तिनं अर्धं पान वाचलं, कागदाची घडी केली, बाकावर ठेवली आणि बाहेर गेली. परत आली नाही. तिचं काय झालेलं होतं ते मला संध्याकाळी कळलं. मुलांना विचारत फिरायचो की समोर कोण आहे, आणि कागद देताना मी स्वतः समोर पाहिलं नव्हतं. मी माफी मागणारी चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षाही नव्हती.

तीन वर्षांनी ती तालमीच्या हॉलवर आली. संध्याकाळची वेळ, मुलं सतरंज्या गुंडाळत होती. म्हणाली, "ते नाटक पूर्ण आहे का तुमच्याकडे?" मी दिलं. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि अडीच तास वाचत राहिली. मुलं गेली, वॉचमन एकदा डोकावून गेला. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"वाचू या का मोठ्यानं? तिचं तुम्ही वाचा," ती म्हणाली. "मी नवऱ्याचं वाचते."