संजीवनीची तटबंदी

लॅच उघडून घरात आले, पर्स खुर्चीवर टाकली आणि हातही न धुता टेबलावरच्या मिटलेल्या लॅपटॉपच्या पोटाखाली तळवा घालून पाहिला. गरम होता. मुलगा शेजारीच भूगोलाचं पुस्तक उघडून बसला होता. त्यानं माझा हात पाहिला आणि मान खाली घातली. माझ्या लहानपणी बाबा बाहेरून आले की असाच हात टीव्हीच्या पाठीवर ठेवायचे. त्या हाताचा मला फार राग यायचा. आता तोच हात मला फुटला होता, आणि त्या संध्याकाळी मला मुळीच जेवण गेलं नाही.

लॅपटॉप घरात आणला तो आम्हीच. 2020 च्या जूनमध्ये, शाळा बंद असताना, हप्त्यावर. तो तेव्हा दुसरीत होता. त्या जुलैत केंद्र सरकारनं ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या होत्या: पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ऑनलाइन तासिका दोनच, त्याही 30 ते 45 मिनिटांच्या. म्हणजे फार तर दीड तास. पण वर्ग संपला की गृहपाठाचे फोटो, मग चित्रकलेचा क्लास, मग मित्राचा वाढदिवस, सगळं त्याच पडद्यावर. शाळाच त्यात बसली होती, मग ‘ऊठ’ कोणत्या तोंडानं म्हणायचं? पुढे शाळा भरली, दप्तरं पाठीवर चढली. लॅपटॉप टेबलावर राहिला तो राहिलाच.

मर्यादा आम्हीही घातल्या. फ्रिजवर वेळापत्रक लावलं, पासवर्ड बदलले, गजर लावले. रोज तेच: “आई, पाचच मिनिटं.” पाचाची पंचवीस होत, आवाज चढत, शेवटी मी वायर उपटत असे. एका रविवारी मात्र मी वायर न उपटता त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

तो आणि त्याचे तीन मित्र माइनक्राफ्ट या गेममध्ये राजगड बांधत होते. उन्हाळ्यात आम्ही त्याला राजगडावर नेलं होतं, ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. एकाकडे पद्मावती माची, एकाकडे सुवेळा, बालेकिल्ला तिसऱ्याकडे, आणि संजीवनी याच्याकडे. संजीवनीची तटबंदी दुहेरी आहे, दोन भिंतींच्या मधून चालता येतं, हे तो मला कर्सर फिरवून दाखवत होता. एकेक दगड मोजून लावलेला. आणि मग म्हणाला, “तू आठला बंद करायला लावतेस ना, तेव्हा ते तिघं चालूच असतात. काल त्यांनी माझी माची पूर्ण करून टाकली. एकच भिंत घातली, आई.” त्याचा आवाज भरून आला होता.

मी त्याची वेळ मोजत होते. त्या वेळात तो कुणाबरोबर असतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आठ वाजता मी बंद करत होते ते यंत्र नव्हतं, त्याच्या मित्रांनी भरलेलं अंगण होतं, आणि त्यातून एकट्या त्यालाच हाताला धरून बाहेर काढत होते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट तेव्हा मला नव्यानं कळली. या गावानं 2022 च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. दीड तास. करोनाच्या काळात मुलांच्या हाताला चिकटलेला मोबाइल सुटेना, म्हणून हा उपाय. सुरुवातीला गावातल्या पुरुषांनी हसण्यावारी नेलं. होकार दिला तो बायकांनी, आणि तोही आपण मालिका फार बघतो हे कबूल करून. सात ते साडेआठ ही ऐन मालिकांची वेळ, हे विसरून चालणार नाही. तिथल्या पोरांना पडदा सोडताना काही हुकल्यासारखं वाटत नसणार, कारण त्या वेळी पलीकडच्या घरातही अंधारच असतो. माझ्या मते भोंग्याची खरी ताकद हीच. चीननं 2021 मध्ये अठराच्या आतल्यांना ऑनलाइन गेम शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी फक्त रात्री 8 ते 9 इतकाच ठेवला. तिथेही वेळ सगळ्यांना एकच, पण ती सरकारच्या धाकाची. मला हवा होता तो गावाचा भोंगा, चार घरांपुरता.

त्या रात्री मी तिन्ही मित्रांच्या आयांना फोन केले. साडेसात ते नऊ, चारही घरांत सगळे पडदे बंद, मोठ्यांचेसुद्धा. आमच्याकडे अवघड वाटल्या होत्या त्या सासूबाई, त्यांची आठची मालिका. त्या म्हणाल्या, “दुपारी परत लागते गं, तेव्हा बघेन.” नवऱ्याला ऑफिसचे मेल तेवढा वेळ बाजूला ठेवायला पटवण्यात मात्र चार दिवस गेले.

पहिला आठवडा कठीण गेला. मुलं पार्किंगमध्ये नुसती उभी राहायची, एकमेकांवर खेकसायची. पण दिवाळीच्या आधी कुणीतरी पोतंभर लाल माती आणली. जिन्याशेजारी विटा रचल्या, गोणपाट ओढलं, चिखल थापला, हळीव पेरले. संजीवनी आमच्याच पोराकडे होती. दोन भिंतींच्या मधली वाट त्यानं बोटानं कोरली, आणि रात्री नखांतली माती काढत बसला.

मुलाचा कॉम्प्युटरचा वेळ आवरायचा असेल, तर पासवर्ड बदलण्याआधी त्याच्या दोन-तीन मित्रांच्या घरी फोन करा. माझा पहिला फोन चार मिनिटांत संपला. पलीकडून त्या म्हणाल्या, “बरं झालं तुम्हीच केलात. महिनाभर मनात होतं, धीर होत नव्हता.”